तो "थांब" म्हणाला होता

पत्र :

"ताई नमस्कार. लग्नाला चार वर्षं झालीत. रात्री सगळं आवरलं की मी आणि नवरा मिळून एखादी सिरीज बघतो, सध्या 'ब्रिजर्टन'चा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या उमरावांच्या गोष्टीचा, पहिला सीझन चालू होता. सहाव्या एपिसोडमध्ये डॅफ्नीला कळतं की तिच्या नवऱ्याने, सायमनने, तिला फसवलंय, त्याला मुलं होऊ शकत नाहीत असं नाहीये, त्याला ती नकोच आहेत आणि म्हणून तो दर वेळी शेवटच्या क्षणी बाजूला होतो. मग ती एका रात्री त्याला बाजूला होऊच देत नाही. मी पटकन बोलून गेले, 'बरं केलं, असंच पाहिजे त्याला.' नवरा काहीच बोलला नाही. नंतर म्हणाला, 'तो थांब म्हणाला होता ना.' मी म्हटलं त्याने आधी खोटं बोलायचं नव्हतं, आणि त्या काळात त्या बिचारीला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तिने करायचं काय? त्यावरून भांडण झालं. आमच्यात मुलाचा विषय वर्षभर चालू आहे, मला हवंय, तो 'आत्ता नको' म्हणतो. त्या रात्रीपासून तो लांब लांब राहतो, जवळ आला तरी जास्तच सावध असतो. मला हे फार लागलंय. मी काय डॅफ्नी आहे का? नवरा-बायकोत दर वेळी परवानगी मागायची असते का? आणि अशा सिरीज बघायच्याच नाहीत का आता? मला त्या खूप आवडतात."

उत्तर :

तुझं पत्र वाचलं आणि आधी सरळ उत्तर देते मग बाकीचं बोलू, कारण तू वाट बघत असणार की ताई कोणाच्या बाजूने. त्या सीनबद्दल तुझा नवरा बरोबर आहे. खोटेपणाबद्दल तू बरोबर आहेस. आणि या दोन गोष्टी एकमेकींना कापत नाहीत, दोन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत, तुमचं भांडण झालं ते याच ठिकाणी, कारण तुम्हाला दोघांनाही वाटलं की यातलं एकच खरं असू शकतं.

आता तो सीन जरा नीट बघू, घाईघाईत बघितला की त्यातलं बरंच निसटतं. सायमनने लग्नाआधीच डॅफ्नीला सांगितलेलं असतं की मी मुलं देऊ शकत नाही. ती ते ऐकून, विचार करून, तरीही लग्नाला हो म्हणते. तिला वाटतं शरीराचं काहीतरी असेल बिचाऱ्याचं. खरं कारण वेगळंच असतं, मरणाऱ्या बापाला त्याने सूडापोटी शब्द दिलेला असतो की तुमचा वंश माझ्यापाशी संपेल. लग्नानंतर तिच्या हळूहळू लक्षात येतं की काहीतरी लपवलं जातंय, आईने लग्नाच्या आदल्या रात्री धड काहीच सांगितलेलं नसतं म्हणून ती शेवटी आपल्या मोलकरणीला, रोझला, विचारते की मूल नेमकं होतं कसं, आणि रोझचं उत्तर ऐकल्यावर तिला सगळं उलगडतं. इथपर्यंत आपण पूर्णपणे तिच्या बाजूने असतो आणि असायलाच हवं, एका बाईला तिच्याच शरीराबद्दल अंधारात ठेवलंय, आईने लाजेने आणि नवऱ्याने सोयीने.

पण त्यानंतर ती काय करते बघ. ती त्याला विचारत नाही. भांडत नाही. ती त्याला जवळ घेते, तो विश्वासाने जवळ येतो, आणि ज्या क्षणी तो नेहमीसारखा बाजूला होणार त्या क्षणी ती वर असते आणि हलत नाही. तो थांब म्हणतो, तिचं नाव घेतो, त्याच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसते, आणि ती थांबत नाही. तू म्हणतेस तिने करायचं काय. खरं तर तिच्याकडे त्या रात्री बरंच काही होतं करण्यासारखं. ती त्याला समोर बसवून म्हणू शकत होती की मला कळलंय, आता खरं बोल. ती म्हणू शकत होती की मला खरं सांगितल्याशिवाय माझ्या जवळ यायचं नाही. ती वेगळ्या खोलीत झोपू शकत होती, तेवढा मोठा वाडा होता त्यांचा. हे सगळं तिच्या हक्काचं होतं, कारण तिला फसवून मिळवलेला होकार हा अर्धाच होकार होता आणि तो परत घ्यायची तिला पूर्ण मुभा होती. पण स्वतःचा होकार काढून घेणं वेगळं आणि त्याचा नकार मोडून काढणं वेगळं. दुसऱ्याने खोटं बोललं म्हणून त्याचं शरीर आपल्या ताब्यात येत नाही गं, मग तो नवरा असो, बायको असो, कितीही मोठं खोटं असो.

आणि एक गोष्ट जी पुरुषांबद्दल फारशी कोणी बोलत नाही. तो त्या क्षणी उत्तेजित होता, मजा घेत होता, म्हणजे त्याचं हो होतं असं नाही. शरीर आपलं आपलं काम करत असतं. त्याने एका गोष्टीला होकार दिला होता, त्याच्या ठरलेल्या पद्धतीने जवळ येण्याला, आणि दुसऱ्या गोष्टीला, तिच्या आत शेवट होण्याला, स्पष्ट नकार होता आणि तो नकार तिला आधीपासून माहीत होता, म्हणून तर तिने तो क्षण निवडला. हेच जर उलटं असतं, बायको म्हणतेय आज काळजी घे, नवरा हो म्हणतोय आणि ऐनवेळी मुद्दाम घेत नाहीये, तर तू मला वेगळंच पत्र लिहिलं असतंस आणि माझ्या उत्तराबद्दल तुला एका सेकंदाचीही शंका आली नसती.

आता सिरीजवाल्यांकडे येते, कारण तू तो सीन बघून "बरं केलं" म्हणालीस यात तुझ्याइतकाच त्यांचाही हात आहे. ती सिरीज ज्या कादंबरीवर आहे ती ज्युलिया क्वीनची, 2000 साली आलेली, आणि पुस्तकात हाच प्रसंग आणखी वाईट आहे, तिथे सायमन दारू पिऊन आलेला असतो, पुरता शुद्धीतही नसतो. 2020 च्या सिरीजमध्ये ती दारू काढून टाकली. म्हणजे लिहिणाऱ्यांना कळत होतं की इथे गडबड आहे, नाहीतर बदललं कशाला असतं? पण अर्धवट बदललं. दारू काढली आणि "थांब" तसंच ठेवलं. शिवाय सेटवर अशा सीनसाठी खास इंटिमसी कोऑर्डिनेटर होती, म्हणजे दोन्ही कलाकारांना काय चालेल काय नाही, हात कुठे, कपडा कुठे, हे सगळं आधी बोलून ठरवलं जात होतं. मला ही गोष्ट फार चांगली वाटते आणि तितकीच खटकते, की नटनट्यांची मर्जी एवढी जपली आणि ज्या पात्रांची ती सोंगं घेतायत त्यांच्या मर्जीबद्दल मात्र कथेत नंतर कोणी एक वाक्य बोलत नाही.

कारण खरी चूक माझ्या मते तो सीन दाखवण्यात नाहीच. असं घडतं लग्नांमध्ये, दाखवायलाच हवं. चूक पुढच्या दोन एपिसोडमध्ये आहे. त्या रात्रीनंतर दोघं भांडतात, पण भांडणात सगळा वेळ तिच्या फसवणुकीचा हिशोब होतो. मग दिवस राहिलेत की नाही याची वाट बघणं, मग पाळी येते आणि ती रडते, आपणही तिच्याबरोबर रडतो. मग तिला त्याची बापाला लिहिलेली जुनी पत्रं सापडतात, त्याचं बालपण कळतं, मग पावसातला तो प्रसंग, ती म्हणते तू जसा आहेस तसा मला हवा आहेस, त्याचं मन वितळतं, आणि शेवटी बाळ. सगळं गोड. पण "त्या रात्री तू थांब म्हणालास आणि मी थांबले नाही, ते चुकलं माझं" हे वाक्य आख्ख्या सीझनमध्ये येत नाही. बाळ आलं आणि बाळाने निकाल दिला की ती बरोबर होती, त्यालाही आतून हेच हवं होतं, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. आणि हे सगळ्यात घातक आहे, "तिला आतून हवंच होतं" हे बायकांबद्दल किती वर्षं ऐकवलं गेलंय, तेच इथे पुरुषाबद्दल रेशमी कपड्यात गुंडाळून ठेवलंय.

ही काही नवी युक्ती नाही. 1939 चा 'गॉन विथ द विंड' सिनेमा आठव, अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातली गोष्ट. ऱ्हेट बटलर दारू प्यायलेला, मत्सराने पेटलेला, बायको स्कार्लेट नको म्हणतेय, हात झटकतेय, आणि तो तिला उचलून त्या मोठ्या जिन्यावरून अंधारात वर घेऊन जातो. पडदा काळा. पुढचा शॉट सकाळचा, स्कार्लेट अंथरुणात आळोखेपिळोखे देत हसतेय, गुणगुणतेय. झालं, आदल्या रात्रीचा सगळा प्रश्न त्या हसण्यात बुडवला. गंमत म्हणजे त्याच सकाळी ऱ्हेट येऊन रात्रीच्या वागण्याची माफी मागतो, म्हणजे त्याला स्वतःला माहीत होतं की आपण काय केलं, पण लोकांच्या लक्षात जिना राहिला आणि ते हसू राहिलं. पिरियड रोमान्स, म्हणजे जुन्या काळातल्या प्रेमकथा, बघताना म्हणून मी नेहमी सांगते, रात्र बघून मत बनवू नका, सकाळ बघा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो, ज्याचं "नको" मोडलं गेलं त्याला बोलायला जागा मिळते का, की लगेच बॉलडान्स, घोडागाडी, व्हायोलिन सुरू. तिथे कळतं की लिहिणाऱ्याला आपण काय दाखवलं हे समजलंय की नाही.

आता तुझा "त्या काळात" वाला मुद्दा. हा सगळेच काढतात आणि वरवर बघितलं तर बरोबरही वाटतो. कायदा खरंच तसा होता. इंग्लंडमध्ये मॅथ्यू हेल नावाच्या सतराव्या शतकातल्या न्यायाधीशाचं मत 1736 साली पुस्तकात छापून आलं, की लग्न करतानाच बायकोने स्वतःला नवऱ्याच्या स्वाधीन केलेलं असतं आणि तो होकार तिला परत घेता येत नाही, म्हणून नवऱ्यावर बायकोच्या बलात्काराचा गुन्हा होऊच शकत नाही. एका माणसाचं मत, आणि ते इंग्लंडमध्ये चाललं 1991 पर्यंत. त्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, शेवटी सांगितलं की हे आता चालणार नाही. त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, 1891 मध्ये, जॅक्सन नावाच्या एका नवऱ्याने आपल्याकडे नांदायला न येणाऱ्या बायकोला चर्चमधून बाहेर पडताना माणसं घेऊन पकडून नेलं आणि घरात कोंडलं, तेव्हा अपील कोर्टाने तिला सोडवलं आणि सांगितलं की नवऱ्याला बायकोला असं डांबून ठेवता येत नाही. म्हणजे दाराची कडी निघाली 1891 ला आणि पलंगापर्यंत कायदा पोचायला आणखी शंभर वर्षं लागली.

पण कायदा तसा होता म्हणजे माणसांना कळत नव्हतं हे कुठून आलं? ॲन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' 1848 ची कादंबरी आहे आणि गोष्ट घडते 1820 च्या दशकात, म्हणजे ब्रिजर्टनच्या 1813 पासून फार लांब नाही. त्यात नवऱ्याने आपल्या जुन्या भानगडी मजेत रंगवून सांगितल्यावर नायिका हेलन उठून आपल्या खोलीत जाते आणि आतून कडी लावते. तो बाहेरून विचारतो, आत येऊ देणार नाहीस का? ती म्हणते नाही, तू मला दुखावलंयस, सकाळपर्यंत मला तुझं तोंड बघायचं नाही की आवाज ऐकायचा नाही. एवढंच. कायद्याने तिला तो हक्क नव्हता, आणि तरी लिहिणारीला, हेलनला आणि दाराबाहेर उभ्या त्या नवऱ्यालाही कळत होतं की ही कडी म्हणजे काय. 1869 ला जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश विचारवंताने तर स्वच्छ लिहिलं की गुलाम बाईलासुद्धा मालकाला नाही म्हणायचा हक्क आहे असं ख्रिस्ती देशांत मानलं जातं, बायकोला मात्र तेवढाही नाही. म्हणजे तेव्हाची माणसं आंधळी नव्हती. काहींना दिसत होतं, काहींना ते दिसणं परवडत नव्हतं.

आणि समजा कोणालाच काही कळत नव्हतं असं धरून चाललं, तरी सिरीज 1813 मध्ये बनलेली नाही ना. ज्या सिरीजने राणीपासून ड्यूकपर्यंत सगळा दरबार आपल्या मनासारखा नव्याने रंगवला, आजची गाणी व्हायोलिनवर वाजवली, तिला बेडरूममध्येच इतिहास आठवावा हे मला पटत नाही. कपडे तेव्हाचे, दिवे तेव्हाचे, पण कुठल्या क्षणाला प्रेम म्हणायचं हे आज बसून कोणीतरी ठरवलेलं असतं.

म्हणून म्हणते, सिरीज बघणं सोडू नकोस. मलाही हा प्रकार मनापासून आवडतो, आणि त्यात चांगलं काम झालेलंही आहे. 'पोलडार्क' बघितली नसशील तर बघ, 2015 ची, अठराव्या शतकाच्या शेवटचं, इंग्लंडमधलं कॉर्नवॉल. त्यात मॉरवेना नावाची एक मुलगी आहे, तिचं प्रेम ड्रेकवर, आणि ड्रेकला वाचवण्यासाठी तिला ऑस्बोर्न नावाच्या पाद्र्याशी लग्न करावं लागतं. हा माणूस देवाचं नाव घेऊन, नवऱ्याचा हक्क म्हणून, तिच्यावर रोज जबरदस्ती करतो, बाळंतपणानंतर डॉक्टरने लांब राहा म्हणून सांगितलं तरी त्याला ते सहन होत नाही. तिथे मागे गोड म्युझिक नाही, सकाळी हसणं नाही, तिचा चेहरा आणि तिचं हळूहळू दगड होत जाणं आहे. तो मेल्यावर आणि ती मोकळी झाल्यावरसुद्धा तिला ड्रेकचा, ज्याच्यावर तिचा जीव आहे त्याचा, हात लागलेला सोसत नाही. आणि ड्रेक म्हणतो की आपण लग्न करू, नुसते सोबत राहू, मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही. तो खरंच मागत नाही. ती पुढे स्वतःच्या वेळेने जवळ येते. मला विचारशील तर आख्ख्या मालिकेत सगळ्यात रोमँटिक काय तर तो, भर उन्हात शर्ट काढून गवत कापणारा हिरो नव्हे.

आणि ब्रिजर्टनवाल्यांनी स्वतःसुद्धा 2023 च्या 'क्वीन शार्लट' या त्याच कथेच्या आधीच्या काळातल्या सिरीजमध्ये जास्त विचार केलेला दिसतो. तरुण लेडी डॅनबरी आठव, लहानपणीच ठरवून दिलेला म्हातारा नवरा, त्याच्याखाली पडून छताकडे बघत संपायची वाट बघणारी. ती एकदाही नाही म्हणत नाही बघ. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, सगळं अगदी रीतसर. तरी बघणाऱ्याला एका क्षणात कळतं की इथे होकार कुठेच नाहीये, आणि तो मेल्यावर तिला स्वतःची आवड काय हेच माहीत नसतं, कारण सगळं आयुष्य त्याच्या आवडीवर घडवलेलं. नाही म्हणायची सोयच नसेल तर गप्प राहण्याला हो कसं म्हणायचं, हे त्या दोन-तीन मिनिटांत जितकं पोचलं तितकं कुठल्या भाषणाने पोचलं नसतं.

आता तुझा प्रश्न, नवरा-बायकोत दर वेळी परवानगी मागायची का. चार वर्षं एकत्र असलेली माणसं काही दर वेळी फॉर्म भरत नाहीत. तुम्हाला एकमेकांचे इशारे कळतात, कधी नुसता हात पुरतो, कधी कुशीवर वळणं म्हणजे आज नको हे न बोलता समजतं, आणि यात काही वाईट नाही, सवयीची जवळीक ही लग्नातली फार छान गोष्ट आहे. पण हे सगळं चालतं कशाच्या जोरावर, तर या खात्रीवर की ज्या क्षणी मी थांब म्हणेन त्या क्षणी समोरचं माणूस थांबेल, कारण विचारणार नाही, रुसणार नाही, "आता काय मध्येच" म्हणणार नाही. ही खात्री असली की शंभर वेळा न विचारता चालतं. ती गेली की नुसता खांद्यावर ठेवलेला हातसुद्धा तपासून बघावासा वाटतो.

आणि तुझ्या नवऱ्याचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. तू विचारतेस मी काय डॅफ्नी आहे का. नाहीस गं, तू काहीच केलेलं नाहीस. पण त्याने काय ऐकलं ते त्याच्या बाजूने बघ. एक वर्ष तुमच्यात मुलाचा विषय चालू आहे, तुला हवंय, त्याला आत्ता नकोय. टीव्हीवर अगदी तोच विषय, तोच तिढा, बायको नवऱ्याचा नकार मोडून काढते आणि त्याची स्वतःची बायको शेजारी बसून म्हणते बरं केलं. तुझ्यासाठी ते सिरीजवरचं एक वाक्य होतं, त्याच्यासाठी ती बातमी होती. त्याला वाटलं असणार की माझं "आत्ता नको" हिला इतकं खोटं वाटतं का? म्हणून तो सावध झाला. त्या सावधपणाचा तुला अपमान वाटतोय हे समजतंय मला, पण तो आरोप नाहीये, ती भीती आहे, आणि पुरुषांना ही भीती बोलून दाखवता येत नाही कारण त्यांना कोणी तशी मुभाच दिलेली नसते, "तुला कसली भीती, मजाच आहे तुझी" असं म्हणून हसतात लोक.

तेव्हा बोलायला तूच सुरुवात कर, आणि सुरुवात मुलाच्या विषयाने करू नकोस. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का" हेही नको, त्याला एकच उत्तर देता येतं आणि ते खरं असेलच असं नाही. सरळ म्हण की त्या रात्री मी जे बोलले ते मला मागे घ्यायचंय, तो थांब म्हणाला होता आणि तिने थांबायला हवं होतं, आणि तू कधी थांब म्हणालास तर मी थांबेन, मुलाच्या बाबतीत तर नक्कीच. एवढं बोलून गप्प बस. लगेच "पण" जोडू नकोस, तुझा "पण" अगदी रास्त आहे पण तो दुसऱ्या दिवशीचा आहे. तो काही बोलेल किंवा नाही बोलणार, कदाचित नुसतं "हं" म्हणेल, ते चालेल. त्याच्या मनात याच्याही मागचं काही असू शकतं, आधी कधीतरी त्याच्या नकाराला कोणी किंमत दिली नसेल, तसं काही निघालं तर ऐकून घे, प्रश्नांची सरबत्ती नको.

आणि हो, तुझा "पण". तोही तितकाच महत्त्वाचा आहे, मी तो विसरलेले नाही. "आत्ता नको" हे उत्तर वर्षभर पुरत नाही. सायमनचा गुन्हा मुलं नको असणं हा नव्हताच, ते त्याचं मत होतं, गुन्हा हा होता की त्याने खरं कारण लपवलं आणि तिला तिच्या आयुष्याचा निर्णय चुकीच्या माहितीवर घ्यायला लावला. तुझ्या नवऱ्याला तुझ्याशी तसं वागायची मुभा नाही. आत्ता नको म्हणजे कधी, की कधीच नको? पैशांची काळजी आहे, कामाची आहे, बाप होण्याचीच भीती आहे, की मनातून त्याला मूल नकोच आहे आणि तुला दुखवायचं नाही म्हणून तो तारीख पुढे ढकलतोय? हे तुला कळायलाच हवं, कारण यावर तुझी पुढची वर्षं ठरणार आहेत. त्याचं उत्तर "कधीच नाही" असं निघालं तर ते ऐकायला फार जड जाईल, पण मग काय करायचं हे तू डोळे उघडे ठेवून ठरवशील, आणि त्या ठरवण्यात राहणं आणि न राहणं दोन्ही येतं. दोघांनाच बोलणं जमत नसेल, दर वेळी तिसऱ्या वाक्याला भांडण होत असेल, तर विवाह समुपदेशकाकडे जा, यात कमीपणा काही नाही, तिसरं माणूस समोर असलं की लोक एकमेकांची वाक्यं पूर्ण होऊ देतात.

तोवर गर्भनिरोधनाचं काय करायचं ते दोघांनी मिळून उघडपणे ठरवा, कोणती पद्धत, कोण बघणार, कधी थांबवायची. त्याला एकट्याला पहारा द्यायला लागू नये आणि तुलाही त्याच्या पहाऱ्याकडे बघत झोपायला लागू नये. बाजूला होण्यावर तर अजिबात अवलंबून राहू नका, ती पद्धत बेभरवशाची आहे, सायमनचं नशीब म्हणून चाललं इतके दिवस.

हे सगळं अंथरुणात बोलायचं नाही मात्र, आणि रात्री एपिसोड संपल्यावर तर मुळीच नाही, तेव्हा दोघं दमलेले असता आणि तो लगेच सावध होईल. सुट्टीच्या दिवशी सकाळी, फिरायला गेलात तर उत्तम, शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि अवघड वाक्यं जरा सोपी होतात.